घारापुरीची लेणी पाहायला जाताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईला पाहुणे आले की घारापुरीचा बेत ठरतोच, आणि ठरला की फोन सुरू होतात. बोट किती वाजता, चपला काढायच्या का, आजींना चढवेल का, लहान मुलं कंटाळतील का. अशा प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. माझा आग्रह एकच आहे: हे शिवाचं देऊळ आहे हे ध्यानात ठेवून, हाताशी निवांत वेळ घेऊन जा. बाकी सगळं त्या ओघाने येतं.

घारापुरी म्हणजेच एलिफंटा ना?

हो. बेट रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यात आहे. शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर ही त्यावरची तीन गावं. राजबंदराजवळ किनाऱ्यावर दगडात कोरलेला मोठा हत्ती होता, त्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला हत्तीचं नाव दिलं. तो हत्ती आज बेटावर नाही. १८१४ मध्ये त्याची मान आणि डोकं निखळलं. १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना कोसळून त्याचे तुकडे झाले. पुढे ते तुकडे जोडले आणि आता तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. बेटावर गेलात तर परतल्यावर कधीतरी त्यालाही भेटून या. बेटाला नाव देणारा हा हत्ती शेजारून जाणाऱ्या बहुतेकांना ओळखूच येत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

कुठल्या दिवशी जावं?

सोमवारी लेणी बंद असतात. हे आधी लिहून ठेवा, कारण सुट्टी जोडून येणारे नेमके सोमवारीच गेटवेला येऊन उभे राहतात. शनिवार-रविवारी गर्दी असते, शाळांच्या सहली साधारण डिसेंबर-जानेवारीत येतात. मंगळवार ते शुक्रवार, त्यातही सकाळची पहिली किंवा दुसरी बोट, हे उत्तम. पहिल्या बोटीने गेलात तर मुख्य लेण्यात थोडा वेळ का होईना, शांतता मिळते. अकरानंतर ती मिळत नाही.

हवेच्या दृष्टीने नोव्हेंबर ते फेब्रुवारी चांगले. एप्रिल-मेमध्ये धक्क्यापासून पायऱ्यांपर्यंतच्या वाटेवर ऊन आणि दमट हवा माणसाला हैराण करतात, लेण्यात शिरल्यावर मात्र गारवा लागतो. पावसाळ्यात डोंगर हिरवागार होतो आणि लेण्याच्या तोंडावरून पाण्याच्या धारा पडतात. ते दृश्य सुंदर आहे, पण समुद्र खवळला की बोटी बंद होतात. जून ते ऑगस्टमध्ये जायचं तर त्याच सकाळी चौकशी करून निघा आणि बेत फसला तरी चालेल अशी तयारी ठेवा.

बोट कुठून मिळते? किती वेळ लागतो?

गेटवे ऑफ इंडियाच्या धक्क्यावरून. साधारण सकाळी नऊपासून दुपारी दोनपर्यंत जाणाऱ्या बोटी असतात आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास परतीची शेवटची. अंतर दहा किलोमीटरच्या आसपास, वेळ सुमारे एक तास. तिकीट जाण्या-येण्याचं मिळून एकच असतं, ते परतीपर्यंत सांभाळून ठेवा. वरच्या डेकवर बसायचं तर बोटीवर थोडे पैसे वेगळे घेतात. तिकीट खिडकीवरूनच घ्या, वाटेत गाठणाऱ्यांकडून नको.

हा तासही बघण्यासारखा असतो. नौदलाची जहाजं, नांगर टाकून थांबलेली मालवाहू जहाजं, जवाहर द्वीपावरच्या तेलाच्या टाक्या, पलीकडे न्हावा-शेव्याच्या क्रेन असं सगळं समोरून सरकत जातं. थंडीत समुद्रपक्षी बोटीच्या मागे लागतात आणि लोक त्यांना शेव-वेफर्स टाकतात. कृपा करून टाकू नका. ते त्यांचं अन्न नाही.

बोटीचा प्रवास सुरक्षित आहे का?

१८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली आणि त्यात माणसं दगावली. तेव्हापासून हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, आणि विचारायलाच हवा. लाइफ जॅकेट बोटीत बसल्याबरोबर मागून घ्या आणि अंगात घाला. मांडीवर ठेवलेल्या जॅकेटचा उपयोग नाही. मुलांना त्यांच्या मापाचं मिळतंय का ते बघा. बोट भरगच्च वाटली तर पुढच्या बोटीने जा, अर्ध्या तासाचाच प्रश्न असतो. चढता-उतरताना खलाशी हात देतात तो घ्या, आणि तेव्हा मोबाइल खिशात असू द्या.

बोटीतून उतरल्यावर किती चालावं लागतं? वयस्कर माणसांना जमेल का?

धक्का लांबच लांब आहे. त्यावरून पायऱ्यांच्या पायथ्यापर्यंत छोटी रेल्वे चालते, मुलांना ती लेण्यांइतकीच आवडते. चालत गेलात तर दहा-पंधरा मिनिटं. मग साधारण १२० पायऱ्या. पायऱ्या रुंद आहेत, वर ताडपत्रीची सावली आहे आणि दोन्ही बाजूंना दुकानं आहेत, त्यामुळे थांबत थांबत चढता येतं. गुडघे दुखत असतील तर डोलीवाले मिळतात. दर आधी नीट ठरवा, चढायचे आणि उतरायचे मिळून किती हे स्पष्ट बोलून घ्या. चाकाची खुर्ची वापरणाऱ्यांसाठी मात्र ही वाट सोयीची नाही. डोली हाच मार्ग, आणि बोटीत चढ-उतार करतानाही दोन माणसं सोबत हवीत.

तिकीट किती?

भारतीयांना ४० रुपये आणि परदेशी पाहुण्यांना ६०० रुपये असा पुरातत्त्व खात्याचा दर आहे. १५ वर्षांखालील मुलांना तिकीट नाही. दर अधूनमधून बदलतात, तेव्हा जाण्याआधी एकदा खात्री करा. ऑनलाइन काढलं तर थोडं स्वस्त पडतं. याशिवाय ग्रामपंचायतीचा छोटा कर वाटेत द्यावा लागतो. त्यावर हुज्जत घालणारे पर्यटक दिसतात. या गावात वीज आली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये, समुद्राखालून केबल टाकून. रोज बोटी भरभरून येणाऱ्या पाहुण्यांचा कचरा उचलणाऱ्या गावाला ते चार पैसे आनंदाने द्यावेत.

चपला-बूट काढावे लागतात का?

सक्ती नाही. हे संरक्षित स्मारक आहे, नित्य पूजा होत नाही, आणि बहुतेक लोक पादत्राणं घालूनच फिरतात. पण मुख्य लेण्याच्या आत, पश्चिमेकडच्या भागात, चार दारांचा गाभारा आहे आणि त्यात शिवाची पिंडी आहे. त्या गाभाऱ्याच्या पायऱ्यांपाशी तरी चपला काढाव्यात असं मला मनापासून वाटतं. पूजा थांबली म्हणून गाभारा गाभारा राहत नाही असं थोडंच आहे? महाशिवरात्रीला आसपासच्या गावांतून भाविक इथे येतात, त्यांच्या लेखी हा देव आजही जागा आहे.

कपड्यांचे काही नियम? पाळी चालू असेल तर?

कपड्यांचा लेखी नियम नाही. चढण आहे, दमट हवा आहे, तेव्हा सुती आणि सैल कपडे बरे. बूट पकड असलेले हवेत, कारण लेण्याची जमीन काही ठिकाणी झिजून गुळगुळीत झाली आहे आणि पावसाळ्यात शेवाळते. पाळीचा इथे काहीही अडसर नाही. कुठल्याही धर्माच्या, कुठल्याही देशाच्या माणसाला आत येता येतं.

फुलं, हार, अभिषेक चालतो का?

हात जोडा, डोळे मिटा, मनात स्तोत्र म्हणा, कोणी अडवणार नाही. हळद-कुंकू, दूध, तेल, उदबत्ती मात्र नको. हा बेसाल्ट आहे, साडेचौदाशे वर्षं खाऱ्या हवेत आणि झिरपणाऱ्या पाण्यात उभा आहे. तेलकट थर आणि काजळी त्यावर बसली की सहज निघत नाही. मूर्तींना हातही लावू नये. एका माणसाच्या बोटांनी काही होत नाही असं प्रत्येकाला वाटतं, आणि म्हणूनच कमरेच्या उंचीवरचं कोरीव काम सगळ्यात जास्त झिजलेलं असतं.

ही लेणी कोणी आणि कधी कोरली?

मुख्य लेणं सहाव्या शतकाच्या मध्याचं मानतात. बऱ्याच अभ्यासकांचा कल कलचुरी राजा कृष्णराज याच्याकडे आहे. तो पाशुपत, म्हणजे शिवाला पशुपती म्हणून भजणाऱ्या पंथाचा होता आणि त्याची नाणी बेटावर सापडली आहेत. कोकणच्या मौर्यांचंही नाव घेतलं जातं. इ. स. ६३४ च्या ऐहोळे शिलालेखात चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीने जहाजांनिशी जिंकलेली ‘पुरी’ म्हणजे हीच घारापुरी, असं काही जण मानतात, काहींना ते पटत नाही. पक्कं उत्तर देऊ शकला असता असा एक शिलालेख इथे होता. पोर्तुगीजांनी तो काढून पोर्तुगालला पाठवला, तिथे कोणाला तो वाचता आला नाही, आणि पुढे तो हरवला. भिंतींवरच्या छिन्नीच्या घावांइतकीच ही हानी मला मोठी वाटते. मूर्ती भंगलेली असली तरी समोर उभी आहे, करवणाऱ्याचं नाव मात्र कायमचं गेलं.

मूर्ती इतक्या भंगलेल्या का आहेत?

बेट १५३४ पासून पोर्तुगीजांच्या ताब्यात होतं, त्या काळात मूर्तींची मोडतोड झाली. सैनिकांनी त्यांच्यावर नेमबाजी केली असं सांगितलं जातं. पण सगळं त्यांच्या माथी मारणंही बरोबर नाही. छतातून झिरपणारं पाणी, खारी हवा आणि शतकानुशतकांचं दुर्लक्ष यांनीही खांब आणि शिल्पांचे खालचे भाग खाल्ले. बरेच खांब पुन्हा उभारलेले आहेत, जरा निरखून पाहिलं तर जुना दगड आणि नवं काम वेगळं ओळखू येतं. १८७५ मध्ये इंग्लंडच्या युवराजासाठी याच लेण्यात मेजवानी मांडली होती. देवळात, पिंडीपासून हाकेच्या अंतरावर. हे वाचल्यापासून आजच्या गोंगाट करणाऱ्या सहलींवर मला तितकासा राग धरता येत नाही. १९०९ मध्ये लेण्यांना संरक्षण मिळालं आणि १९८७ मध्ये ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली.

आत गेल्यावर काय, कोणत्या क्रमाने पाहावं?

याचं उत्तर लांब आहे.

मुख्य लेण्यात आपण उत्तरेकडून शिरतो. शिरताना डावीकडे योगीश्वर शिव, उजवीकडे नटराज. एक ध्यानात स्थिर, एक नाचात. उंबऱ्यावरच देवाची ही दोन रूपं समोरासमोर ठेवली आहेत. नटराजाचे बरेच हात तुटलेले आहेत, तरी धडाच्या वळणावरून नाच कळतो.

इथून बहुतेक लोक तडक समोरच्या मोठ्या मूर्तीकडे धाव घेतात, फोटो काढतात आणि परत फिरतात. तसं करू नका. आधी दहा पावलं आत जाऊन थांबा. डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या, त्याला काही मिनिटं लागतात. मग लक्षात येईल की या लेण्याला दोन रोख आहेत. उत्तरेकडून पाहिलं तर नजर सरळ दक्षिणेच्या भिंतीवरच्या महेशमूर्तीवर जाते. पूर्वेच्या चौकातून पाहिलं तर खांबांच्या रांगेतून ती पश्चिमेच्या गाभाऱ्यातल्या पिंडीवर पोचते. पूजेसाठी मूळ वाट पूर्वेची असावी असं काही अभ्यासक म्हणतात, आणि त्या बाजूला उभं राहिलं की ते पटतं.

मी पाहुण्यांना डावीकडून, म्हणजे पूर्वेकडून प्रदक्षिणेसारखं नेते. पहिल्यांदा कैलास उचलू पाहणारा रावण, फार भंगलेला. समोर कैलासावर बसलेले शिव-पार्वती. मग दक्षिणेच्या भिंतीवर अर्धनारीश्वर: नंदीवर रेललेला, उजवं अंग पुरुषाचं, डावं स्त्रीचं, आणि कमरेची रेषा दोन्ही बाजूंना वेगळी. त्यानंतर महेशमूर्ती, तिच्या पलीकडे गंगाधर. गंगाधराच्या डोक्यावर पाहा, तीन मुखांची गंगा खाली येते आहे.

पुढे पश्चिमेला कल्याणसुंदर, म्हणजे शिव-पार्वतीचं लग्न. इथे जरा जास्त थांबा. पार्वती शिवाच्या उजव्या हाताला उभी आहे, कारण लग्न अजून लागायचं आहे, ती वामांगी झालेली नाही. मान किंचित खाली. मागून तिला हळूच पुढे करणारा बाप. आपल्याकडच्या कुठल्याही लग्नात अंतरपाट दूर होण्याआधी नवरीचा चेहरा बघा, तोच इथे आहे. आणि बरोबर समोरच्या भिंतीवर अंधकासुराचा वध: सुळे दाखवणारा, भुवया आक्रसलेला तोच शिव, हातात रक्त झेलायचं पात्र, कारण अंधकाच्या रक्ताचा थेंब जमिनीवर पडला की नवा असुर उभा राहतो. एकाच कलाकारांनी, चार पावलांच्या अंतरावर, एकाच देवाचा लग्नातला आणि युद्धातला चेहरा कोरला आहे. पिंडीचा गाभारा दोन्हींच्या जवळच आहे. चारी दारांना दोन-दोन असे आठ द्वारपाल, अडीच पुरुष उंच.

महेशमूर्ती म्हणजे ब्रह्मा-विष्णू-महेश ना?

वाटाडेही असं सांगतात, शाळेच्या पुस्तकांमुळे ते डोक्यात बसलं आहे. पण तिन्ही मुखं शिवाचीच आहेत. हा सदाशिव आहे, पाच मुखांचा. तीन दिसतात, चौथं मागे दगडात आहे असं समजायचं आणि पाचवं वर, अव्यक्त. मधलं तत्पुरुष. आपल्या डावीकडे अघोर किंवा भैरव: मिशी, कपाळाला आठ्या, हाताशी नाग, केसांत कवटी. उजवीकडे वामदेव, सौम्य, जवळजवळ स्त्रीमुख, हातात कमळ, कुरळ्या बटा आणि मोत्यांच्या सरी.

मूर्तीची उंची सुमारे साडेपाच मीटर, आणि ती फक्त छातीपर्यंतच कोरलेली आहे. मधल्या मुखाच्या हातात एक फळ आहे, ते महाळुंग. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातातही तेच असतं. जवळून पाहिलंत तर मधल्या चेहऱ्याचा खालचा ओठ भरलेला आणि पापण्या उतरलेल्या दिसतील. तो चेहरा आपल्याकडे पाहत नाही. समोर खाली बसा, शक्य असेल तर खांबाला न टेकता, आणि पंधरा मिनिटं नुसतं पाहा. उजेड दोन्ही बाजूंच्या चौकांतून तिरका येतो, त्यामुळे डावं आणि उजवं मुख वेळेप्रमाणे बदलत राहतं.

फोटो काढता येतात का?

मोबाइलने आणि साध्या कॅमेऱ्याने हो. व्हिडिओ कॅमेऱ्याला वेगळं शुल्क, तिपाईला परवानगी लागते. फ्लॅश वापरू नका, त्याने शिल्प सपाट दिसतं आणि शेजाऱ्याचं पाहणं मोडतं. मूर्तीच्या कट्ट्यावर चढून, द्वारपालाच्या पायाशी लोंबकळून काढलेले फोटो पाहिले की जीव तुटतो.

वाटाड्या घ्यावा का?

पहिल्यांदा जात असाल तर घ्या, ओळखपत्र असलेला. आधी विचारा, “सगळं मिळून किती वेळ देणार?” अर्ध्या तासात संपवतो म्हणाला तर दुसरा शोधा.

इतर लेणी पाहण्यासारखी आहेत का?

पश्चिमेच्या डोंगरावर एकूण पाच हिंदू लेणी आहेत. मुख्य लेणं सोडलं तर बाकीची अर्धवट किंवा फार पडझड झालेली. तरी दोन, तीन, चार क्रमांकांची पाहून या, सपाट वाट आहे, आणि कोरण्याचं काम कसं होत असे ते अपुऱ्या लेण्यात जास्त कळतं. पूर्वेच्या डोंगरावर बौद्ध अवशेष आणि विटांचा स्तूप आहे, तिकडची वाट मोकळी आहे का ते आधी विचारा. माथ्यावर ब्रिटिशकालीन तोफा आहेत. वेळ उरला तरच.

माकडांचं काय?

हातात पिशवी, बाटली, कणीस काही दिसू देऊ नका. ओढलंच तर सोडून द्या, झटापट नको.

जेवणाखाण्याची सोय? मुक्काम करता येतो का?

पायऱ्यांच्या वाटेवर आणि खाली गावाकडे छोटी हॉटेलं आहेत, माशांचं ताट बरं मिळतं. बायका पाटीत कैरीच्या फोडी, काकडी, बोरं घेऊन बसतात, त्यांच्याकडून घ्या. पाणी भरपूर सोबत न्या आणि रिकाम्या बाटल्या परत आणा. पर्यटकांना रात्री मुक्काम करता येत नाही, शेवटची बोट चुकवू नका.

मुलं कंटाळतील का?

तुम्ही गोष्टी सांगितल्यात तर नाही. रावणाची आणि अंधकाची गोष्ट बोटीतच सांगून ठेवा, मग मुलं स्वतः शोधत फिरतात. पूर्वेच्या चौकातल्या गाभाऱ्यापाशी सिंह आहेत आणि बाजूच्या दालनात सप्तमातृकांसोबत गणपती आहे, तोही त्यांना शोधायला लावा.

घारापुरी आवडली. आता पुढे कुठे?

मुंबईतच दोन ठिकाणं आहेत. जोगेश्वरीच्या लेण्यात आजही देवीची पूजा चालते, तिथे चपला बाहेरच काढायच्या, आणि चारी बाजूंनी वस्तीने वेढलेलं ते लेणं पाहताना पोटात कालवतं. बोरिवलीच्या मंडपेश्वरात नटराजाचा सुरेख पट आहे. पोर्तुगीजांनी तिथे चर्च केलं होतं, भिंतीवर कोरलेला क्रूस अजून दिसतो. त्यानंतर वेरूळ. तिथे कैलास सगळे बघतात, तुम्ही २९ क्रमांकाच्या धुमार लेण्यातही जा. त्याची रचना घारापुरीशी इतकी जुळते की आत पाऊल टाकल्याबरोबर ओळख पटते. वेरूळ मंगळवारी बंद असतं.